रांगेतली काळी सॅक

कोजागिरीला दूध आटायला लागलं, केशराचा वास घरभर पसरला, की मला शनिवार पेठेतली ती डेअरी आठवते आणि जीव थाऱ्यावर राहत नाही. त्या वर्षी कोजागिरीच्या आठवड्यात सरकारने दहशतवादाविरुद्ध परदेशांशी कसलासा करार केला होता. टीव्हीवर तेच चालू होतं आणि बेवारस वस्तू दिसली की कळवा, असं चौकाचौकात लाऊडस्पीकर ओरडत होते. डेअरीसमोर मात्र नेहमीसारख्या पिशव्या रांगेत ठेवून माणसं सावलीत उभी होती. आमच्या वरच्या खोलीतल्या काश्मिरी विद्यार्थ्याला आईने दुधाला पुढे पाठवलं होतं. इतरांचं बघून त्यानेही नंबर लावला, पण त्याच्याकडे कापडी पिशवी कुठली, त्याने कॉलेजची काळी सॅक ठेवली. आई आणि मी पोचलो तेव्हा हवालदार ती काठीने ढोसत होता. आत काहीतरी खणकलं. "कुणाची आहे ही?" माणसं भराभर मागे सरकली. तो विद्यार्थी समोरच होता, सॅककडे एक पाऊल टाकून थांबला. "माझी," म्हणत आई पुढे झाली. "आत काय आहे?" "अहो, दुधाची किटली. डेअरीवर आणखी काय आणायचं असतं?" चेन उघडली, किटली निघाली, सगळे हसले. तो हसला नाही. पुण्यात होता तोवर प्रत्येक रांगेत तो सॅक पोटाशी धरून स्वतः उभा राहायचा. आज सकाळी मी पिशवी ठेवून निवांत चहाला गेलो. मला कुणी काही विचारलं नाही.