मी येईपर्यंत उठायचं नाही

कस्तुराबाईंच्या शाळेत बाराखडी कमी आणि हातांना काम जास्त. बसवनगुडीत एका देवळाच्या मागं दोन खोल्या, सतरा मुलं आणि एकट्या बाई. बाकीच्या शाळांनी 'हे आमच्याच्यानं होणार नाही' म्हणून परत पाठवलेली ही मुलं. लोक त्यांना सरळ अर्धवट म्हणत. बाईंसमोर कुणी तसं म्हटलंच, तर बाई त्याची अशी हजेरी घेत की तो पुन्हा त्या गल्लीनं जात नसे.

बाईंचं घराणं तीन पिढ्या बंगळुरातलं. निम्मं बोलणं मराठीत, निम्मं कानडीत, रागावणं मात्र दोन्हीत. त्यांना रात्रंदिवस एकच घोर होता, शाळा सुटल्यावर या पोरांचं काय? सोळा-सतराचं झालं की आईबाप पोराला मागच्या खोलीत बसवणार आणि पाहुणे आले की दार ओढून घेणार. तसं व्हायला नको असेल तर पोराला कुठं तरी काम मिळालं पाहिजे, आणि मिळालेलं टिकलं पाहिजे.

टिकण्याचंच तर रडगाणं होतं. हरी नावाच्या पोराला त्यांनी खटपटी करून उदबत्तीच्या कारखान्यात लावलं. चौथ्या दिवशी रस्त्यानं लग्नाची वरात गेली, त्या बँडच्या मागं हरी निघाला तो संध्याकाळी लालबागेत सापडला. मालकानं हात जोडले. त्या दिवसापासून बाईंनी नवा धडा काढला. मुलांना कामाला बसवायचं, 'मी येईपर्यंत उठायचं नाही' म्हणून बजावायचं, आणि बाहेर जाऊन खिडकीआडून बघत राहायचं. मधेच बाहेरून नाव घेऊन हाकही मारायची. उठला तो चुकला. बसून राहिला त्याला गुळाचा खडा.

या धड्यात प्रतिमाचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकोणीस वर्षांची, गोरीपान, बोलणं मोजकं. तिचे वडील उमाकांत पुण्याहून आलेले, सरकारी कारखान्यात इंजिनियर. बाई हाका मारून दमत, पण ही मान वर करत नसे. "बघा अण्णा," बाई उमाकांतांना अभिमानानं सांगत, "वीज पडली तरी जागचं हलायची नाही तुमची पोरगी." पुढं या बोलण्याची आठवण झाली की बाईंना स्वतःची जीभ छाटून टाकावीशी वाटे.

प्रतिमाला चिकपेटेत काम मिळालं. आप्पाजींचं साड्यांचं ठोक दुकान, आणि माडीवर बसून घड्या घालायच्या. सात महिने तक्रार नाही. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. उमाकांत रोज पाच वाजता तिला न्यायला जात आणि जाताना दुकानदाराशी उगाच दोन शब्द बोलत. लेक कामाला जाते हे कुणाला तरी ऐकवायचं असे त्यांना.

चौसष्ट सालच्या खंडेनवमीला दुपारी दुकानात पूजा झाली. आप्पाजींनी माडीवर जाऊन प्रतिमाला सांगितलं, "मी येईपर्यंत एवढ्या घड्या घाल, सरी?" ती "सरी", म्हणजे बरं, म्हणाली. तेवढ्यात देवनहळ्ळीहून निरोप आला की सासूबाई शेवटच्या घटका मोजताहेत. आप्पाजी तसेच बायकोला घेऊन धावले. दुकानातल्या गड्याला वाटलं, सणाचा दिवस, पोरीला बाप लवकर घेऊन गेला असेल. त्यानं कुलूप लावलं आणि तोही गावी गेला.

पाच वाजता उमाकांतांना कुलूप दिसलं. ते धापा टाकत शाळेत आले. दिवेलागणीला दोघं दुकानापाशी पोचली. दारावर धक्के मारले. बाईंनी रस्त्यात उभं राहून घसा फाटेपर्यंत हाका मारल्या, "प्रतिमाऽ! ए प्रतिमाऽ!" आतून चकार शब्द नाही. उमाकांत म्हणाले, "बाई, कुलूप तोडू या का?"

"नको, अण्णा," बाई म्हणाल्या, "आत असती तर माझ्या हाकेला ओ दिली असती. इथं नाही ती."

मग सगळं शहर पालथं घातलं. पोलीस झाले, इस्पितळं झाली, केंपांबुधी तळ्याचा काठ झाला. दसरा उजाडला आणि मावळला. तिच्या आईनं अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पाजी परत आल्याचं कळलं, तशा बाई आणि उमाकांत त्यांच्याबरोबरच दुकानात शिरले. तिला शेवटचं कधी पाहिलं एवढंच विचारायचं होतं. आप्पाजी सहज म्हणाले, "शेवटचं? वर बसली होती की." आणि बोलता बोलताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

ती वरच होती, आपल्या जागी, मांडी घालून. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. लुगडं आणि खालची सतरंजी भिजून सुकलेली. साड्यांना डाग लागू नये म्हणून तिनं सगळे गठ्ठे बसल्या जागेवरूनच हात पोचेल तिथवर दूर सरकवले होते. घड्या संपल्यावर त्याच उलगडून पुन्हा घातल्या होत्या. एवढ्या नीट घड्या आप्पाजींनी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या, आणि त्या बघून ते मटकन खालीच बसले.

उमाकांतांनी लेकीला उचलायला हात पुढे केले. तिनं ते बाजूला केले आणि बाईंकडे बघून हसली.

"बाई, तुम्ही हाक मारलीत. मी उठले नाही."

मग बाईंनीच तिला 'ऊठ' म्हटलं, तेव्हा ती उठली.

त्यानंतर उमाकांत फारसे बोलले नाहीत. रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. "ती आता घरीच राहील," एवढंच म्हणाले. आप्पाजी दोनदा येऊन रडले, तिची जागा ठेवलीय म्हणाले. उमाकांतांनी मान हलवली. "स्वतःहून उठायला शिकेल तेव्हा बघू."

म्हणजे मागचीच खोली. बाईंनी हट्टानं तिला रोज दोन तास मागून घेतलं. आता धडा उलटा, तहान लागली की उठायचं, अंधार पडला की उठायचं, भीती वाटली की उठायचं. प्रतिमा मान डोलवी. मग बाई 'बस' म्हणून बाहेर जात आणि ती उठायची वाट बघत. ती बसून राही. पाण्याचा तांब्या समोर ठेवला तरी बसून राही. असे चार महिने गेले.

माघातल्या एका दुपारी बाई कंटाळून आत आल्या आणि तिच्यासमोर फरशीवरच बसल्या. "का गं नाही उठत? तहान नव्हती लागली?"

"लागली."

"मग?"

"तुम्ही बाहेर होता ना. बघत होता."

"आणि दुकानात? तिथं दोन रात्री काढल्यास. भीती नाही वाटली?"

प्रतिमाला या प्रश्नाचं नवल वाटलं. "तिथंही तुम्ही बाहेरच होता की," ती म्हणाली. "रात्रभर. म्हणून नाही वाटली."

हो म्हणावं, तिचा तेवढा विश्वास तिच्यापाशी राहू द्यावा, असं बाईंचं एक मन म्हणत होतं. पण हो म्हटलं तर ही पोर जन्मभर अशीच बसून राहणार, कुठल्याही कुलपाआड.

"नव्हते मी," बाई म्हणाल्या. "हाक मारली आणि निघून गेले. बाहेर कुणी नव्हतं, प्रतिमा. तू एकटी होतीस."

प्रतिमा त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू असा झाला, जणू कुणी फाडकन थोबाडीत मारली. दुकानात हसलेली ती पोरगी आता थरथर कापायला लागली, चार महिने उशिरानं. बाईंनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. तिनं तो झिडकारला, उठली, चपला घातल्या आणि बाईंना न विचारता दाराबाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी बाई उमाकांतांच्या घरी गेल्या. प्रतिमा आतून आली नाही. बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"तिला दुकानात पाठवा, अण्णा," त्या म्हणाल्या. "आता कुणी सांगितलं म्हणून ती बसून राहणार नाही. मी सांगितलं तर नाहीच नाही."