धाकट्या गौरीचा उजेड

वैजयंतीचा डोळा लागतो आहे. पुरता लागलेला नाही. पलीकडच्या खोलीत आई घोरते आहे, हे तिला ऐकू येतं आहे. आमटीच्या फोडणीचा वास अजून हवेत आहे, तोही कळतो आहे. हॉलचे पडदे ओढलेले आहेत. ती आरामखुर्चीत पाय वर घेऊन समोरच्या गौरीकडे बघत पडली आहे.

आता तुम्ही म्हणाल, भाद्रपद नाही, फुलोरा नाही, मग गौर कुठली? तर गौर म्हणजे नुसता मुखवटा. तो तांब्याच्या हंड्यावर बसवून वैजयंती गेले काही दिवस उजेड पाडायला शिकते आहे. माणसाच्या तोंडावर उजेड कसा पाडावा, हे मोबाईलवर बघून शिकता येतं. पण सराव करायला तोंड लागतं, आणि या घरात तासभर न बोलता बसेल असं तोंड फक्त गौरीचंच आहे. दोन मुखवटे आहेत, थोरलीचा आणि धाकटीचा. माळ्यावरून डबा काढताना हाताला धाकटी लागली, म्हणून ती आली.

आईनं तेव्हाच डोक्याला हात लावला होता. "अगं, अवेळी गौर उभी करू नये. गौर उभी केली की माहेरवाशीण जेवायला बोलावल्यासारखं होतं. कुणीतरी येतंच."

"येऊ दे की. चहा पाजू," वैजयंती म्हणाली होती.

गौरीच्या उजव्या अंगाला, जरा उंचावर, टेबललॅम्प आहे. त्यात नवा पांढरा दिवा. त्याच्यापुढे दोरीवर पांढरी चादर टांगली आहे, म्हणजे उजेड गाळून येतो आणि सावल्या मऊ होतात. डाव्या अंगाला जुन्या मखराचा थर्माकोल उभा केला आहे, तो उरलासुरला उजेड दुसऱ्या गालावर परत फेकतो. अशानं साठीचा माणूस पन्नाशीचा दिसतो. आणि पंच्याहत्तरीचा माणूस देवमाणूस दिसतो. वैजयंतीला आज तेच करायचं आहे.

चहाच्या वेळेला श्रीपतकाका फोटो काढून घ्यायला येणार आहेत. तिच्या मावशीचे यजमान, रिटायर्ड हेडमास्तर. पंच्याहत्तरीचा सत्कार आहे, आणि चौकात घराएवढा फ्लेक्स लागणार आहे. घरातच फोटो काढणारी असताना बाहेर कशाला, असं आईच म्हणाली. "झालं गेलं गंगेला मिळालं. चांगला काढ हो त्यांचा फोटो."

झालं काय, गेलं काय, ते सांगायलाच हवं. शालनमावशी गेली ती मागच्या थंडीत. त्याआधी वर्षभर ती मागच्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. भेटायला कुणी गेलं की काका दारातच हात आडवा करून हळू आवाजात सांगायचे, "तिला उजेड सोसत नाही." खोलीत काळोख. माणसं उंबऱ्यावरूनच हात जोडून परतायची आणि म्हणायची, काय जपतात हो हेडसर बायकोला! मावशी गेल्यावर वैजयंती त्या खोलीत शिरली, बटण दाबलं, आणि वर बघितलं तर होल्डर रिकामा. दिवाच नाही.

पुढची गोष्ट तर अशी की संताप यावा. मावशीचा धड एक फोटो नव्हता. लग्नकार्यात फोटोवाला आला की काकांना नेमकी चहाची आठवण व्हायची, आणि मावशी आत जायची. मग भिंतीवर लावायला काय? बँकेच्या पासबुकावरचा चेहरा स्टुडिओवाल्याला दिला, आणि त्यानं तो कॉम्प्युटरवरच्या तयार अंगावर चिकटवला. तयार अंगाला पैठणी आहे, गळ्यात चंद्रहार आहे, दंडात वाकी आहे. मावशीनं जन्मात यातलं काही अंगाला लावलं नव्हतं. आता येणारा जाणारा हार घातलेल्या फोटोकडे बघून म्हणतो, काय थाटात ठेवलं होतं हो शालनताईंना! आणि काका मान खाली घालून ते ऐकून घेतात. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते हे.

वैजयंतीच्या पापण्या जड होतात. चादरीमागचा उजेड दुधासारखा पसरतो. आईचं घोरणं लांब जातं.

"वैजे, त्यो थर्माकोल जरा अलीकडं घे. डावा गाल काळा दिसाय लागलाय माझा."

वैजयंती उठून थर्माकोल सरकवते. गौरीचा गाल उजळतो. मग तिच्या लक्षात येतं की गौर बोलली.

"आता बरं," गौर म्हणते. तोंड मुखवट्याचंच आहे, पण हसताना उजवीकडचा तुटका दात दिसतो, आणि तो दात शालनमावशीचा आहे.

"मावशी! तू कशी आलीस?"

"कशी म्हंजी? तूच बलावलंस. धाकटी उभी केलीस न्हवं? घरात धाकटी कोण हुती? तुझी आई थोरली, मी धाकटी. माहेरवाशिणीला बलावायचं आणि वर कशी आलीस म्हणून इचारायचं व्हय गं?"

तिच्या अंगावर ती पैठणी आहे. ती हलते तेव्हा पैठणी हलत नाही. मावशी बाजूला वळायला बघते आणि वैजयंतीला दिसतं, बाजूनं मावशीला जाडीच नाही. पुठ्ठ्याएवढी आहे.

"बस की मावशी."

"कशावर बसू? स्टुडिओवाल्यानं कमरंखाली काई दिलंच न्हाई." मावशी चंद्रहाराला झटका देते. हार कागदासारखा चुरगळतो, तुटत मात्र नाही. "कुणाच्या मेलीच्या अंगावर मला बसवलंय कुणास ठाऊक. मान बघ माझी, खांद्यावर कशी वाकडी ठेवलीय. त्यात लोक त्यांचं कौतुक करत्यात! मी भिंतीवरून ऐकते की समदं."

"मला राग येतो गं ऐकून," वैजयंती म्हणते.

"तुला नुसता राग येतोय. चल तिकडं."

पायाखाली शहाबादी फरशी आहे. गार आणि ओलसर. बामचा वास येतो. हॉल कुठे संपला आणि मागची खोली कुठे लागली ते वैजयंतीला कळत नाही. चादर अजून टांगलेली आहे, पण आता ती दाराचा पडदा झाली आहे. पडद्यापलीकडे पाहुण्यांच्या चपला वाजतात. काकांचा आवाज येतो, मायेनं भिजलेला: तिला उजेड सोसत नाही.

"मावशी, कुठं आहेस?"

"हितंच. खाटंवर. दिसतीय का?"

"नाही दिसत."

"मग? मलाबी न्हाई दिसायचं. स्वतःचा हात दिसायचा न्हाई." काळोखात मावशीचा आवाज अगदी शांत आहे, आणि म्हणूनच वैजयंतीच्या अंगावर काटा येतो. "दिवा लावा म्हणलं की म्हणायचे, बघायचंय काय तुला? स्टुलावर चढून स्वतः काढला त्यांनी दिवा. कोटाच्या खिशात घातला. का काढला, म्हाईत हाय?"

"का?"

"पाठीला जखमा झाल्या हुत्या माझ्या. कूस बदलाय कुणी नव्हतं. उजेडात दिसल्या असत्या. दिसल्या असत्या तर तुझ्या आईनं उचलून माहेरी न्हेलं असतं मला, आणि हेडसरांचं नाव गेलं असतं. म्हणून काळोख. मला उजेड सोसत हुता गं वैजे. त्यांना सोसत नव्हता."

वैजयंतीला रडू येत नाही. तिला दातावर दात घट्ट आवळलेले जाणवतात.

"मी खालून लाईट लावते," ती म्हणते. "हनुवटीखालून. डोळ्यांच्या खाचा काळ्या पडतात, नाक वर सरकतं. भूत दिसतील चौकात. दिसू दे लोकांना!"

मावशी हसते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मावशीची तर मेल्यावरही गेलेली नाही. हसताना तिला अजून ठसका लागतो.

"खुळी का काय! शेंबड्या पोरालाबी कळंल मुद्दाम केलंय म्हणून. लोक तुला नावं ठिवतील, आणि त्यांना म्हणतील, बिचारे हेडसर. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

त्या दोघी चौकात उभ्या आहेत. भर दुपार आहे आणि एकही माणूस नाही. रसाचं गुऱ्हाळ आपलं आपण फिरतं आहे. वर बांबूंवर फ्लेक्स ताणलेला आहे, पण तो कोरा आहे, पांढरा. वाऱ्यानं फुगतो तेव्हा कळतं की ती हॉलमधलीच चादर आहे.

"हितं लागणार न्हवं त्यांचं तोंड?"

"हो."

"केवढं?"

"खूप मोठं. एकेक डोळा ताटाएवढा होईल."

"आणि डोळ्यात काय दिसंल?"

वैजयंती वरच्या कोऱ्या कापडाकडे बघते. हे तिला ठाऊक आहे. पहिल्याच धड्यात शिकवलं होतं: ज्या दिव्यानं फोटो काढाल, तो दिवा माणसाच्या बुबुळात उमटतो. चादर लावली तर पांढरा चौकोन उमटतो. नुसता दिवा लावला तर दिवा.

"नुसता दिवा लावला तर सावल्या कडक पडतात, मावशी. सुरकुती न् सुरकुती दिसेल."

"दिसू दे. तेवढ्या त्यांनी स्वतः कमावल्यात. तू कशाला लपवतीस? चादर काढ." मावशी फ्लेक्सचं टोक धरून ओढते आणि चादर सळसळत खाली येते. "जन्मभर माझ्याकडं बघितलं न्हाई त्या डोळ्यांनी. आता माझा दिवा त्यांच्या डोळ्यात बसू दे. गावाला काय, दिवाच दिसंल. पण त्यांना कळंल कुठला ते. रोज देवळात जाताना मान वर करून बघायला लागंल, सत्कार हाय न्हवं!"

वैजयंतीला एकदम आईचं वाक्य आठवतं. "आई म्हणते, झालं गेलं गंगेला मिळालं."

"तुझी आई थोरली. थोरल्यांनी तसंच म्हणायचं असतं. मी काई गंगेबिंगेला मिळाले न्हाई, भिंतीवर खिळ्याला टांगलीय." मावशी आता हॉलमध्ये आहे, हंड्यापाशी. जरीचा पदर दोन्ही हातांनी पसरून उभी आहे. "मी निघते. माहेरवाशिणीला रिकामी पाठवू नये. ओटी भर माझी."

वैजयंती इकडे तिकडे बघते. नारळ नाही, खण नाही, तांदूळ आत आहेत आणि आत जायला दार सापडत नाही. "काय घालू गं ओटीत?"

"त्यांचे डोळे."

मावशी हे इतक्या सहज म्हणते की जणू पावशेर गूळ मागते आहे.

"ते आल्यावर मिळतील," वैजयंती म्हणते. स्वतःचा आवाज तिला ओळखू येत नाही. तो मावशीसारखा येतो आहे.

"तवर विसार म्हणून त्यो पांढरा दिवा दे."

वैजयंती लॅम्पमधला दिवा काढते. तो हाताला चटका देत नाही. तो मावशीच्या पदरात पडतो तेव्हा आवाज होत नाही. मावशी ओटी कमरेला खोचते. खोचायला तिला कंबर आहे, आणि वैजयंतीला त्याचंच फार बरं वाटतं. अंगावर आता पैठणी नाही. धुऊन धुऊन विरलेलं निळं लुगडं आहे, मावशीचं स्वतःचं. मान सरळ आहे.

"आणि हा माझा घे." मावशी चोळीतून काहीतरी काढते. काचेचा जुना गोल दिवा. एका अंगाला हिरव्या ऑइलपेंटचा थेंब वाळला आहे. मागच्या खोलीच्या भिंती रंगवल्या होत्या तेव्हाचा. "नीट लाव. ढिला राहिला की लुकलुकतोय."

"मावशी, जाऊ नकोस."

"जाते कुठं? ये म्हण."

"ये," वैजयंती म्हणते, आणि कुणीतरी बेल वाजवतं.

ती डोळे उघडते. मान अवघडली आहे. हॉलमध्ये संध्याकाळी देवघरात असतो तसा पिवळा उजेड आहे. चादर दोरीवर तशीच टांगलेली. गौर हंड्यावर तशीच, डोळे मोठे, ओठ मिटलेले. वैजयंती चादरीमागे जाते.

लॅम्पमध्ये गोल काचेचा जुना दिवा जळतो आहे. आतली तार लाल, काच धुरकट. ती बोट लावते आणि चटका बसून हात मागे घेते. एका अंगाला हिरवा थेंब आहे.

पांढरा दिवा ती टेबलावर बघते, खाली बघते, खुर्चीची गादी उचलून बघते. तो कुठेच नाही.

"अगं वैजू, काका आले बघ!" आई दारातून हाक मारते.

श्रीपतकाका आत येतात. कोट, टाय, केसांना तेल, कपाळाला अष्टगंध. "कुठं बसू बाळ?" असं मायेनं भिजलेल्या आवाजात विचारतात. वैजयंती हंडा उचलून कोनाड्यात ठेवते, गौरीचं तोंड हॉलकडे करते, आणि त्या जागी स्टूल सरकवते. मग ती दोरीवरून चादर ओढून काढते आणि घडी घालते. घाई करत नाही. थर्माकोल भिंतीला टेकवून ठेवते.

"इथं बसा. मान इकडं. हनुवटी थोडी खाली. आता दिव्याकडे बघा."

काका दिव्याकडे बघतात. हसू अजून ओठांवर आहे, पण वर सरकायचं थांबलं आहे. सुरकुत्या एकेक करून उभ्या राहतात. वैजयंती कॅमेऱ्यातून त्यांचे डोळे जवळ आणते. दोन्ही बुबुळांत एकेक पिवळा गोल दिवा लागला आहे.

"हा... हा दिवा कुठला?"

"हलू नका."

"वैजू, मी विचारतोय, कुठून आणलास हा?" त्यांचा हात नकळत कोटाच्या खिशाकडे जातो, चाचपतो, आणि रिकामा वर येऊन डोळ्यांवर आडवा होतो. "बंद कर तो. बंद कर म्हणतो ना!"

आई दारात चहाचा कप घेऊन थबकली आहे. तिची नजर दिव्यावर जाते, हिरव्या थेंबावर थांबते. ती कप खाली ठेवते, आणि हळूच हॉलचा पडदा आणखी ओढून घेते. खोलीत उजेड तेवढा त्या दिव्याचाच उरतो.

"का हो काका," वैजयंती अगदी हळू विचारते, "उजेड सोसत नाही?"

काकांचा हात खाली येतो. ती कॅमेऱ्याचं बटण दाबते.