शिरूरला जाऊन आलेल्या तीन ओळी

पाटोद्यात कोणतं इंग्रजी वाक्य बरोबर आणि कोणतं चूक, हे गेली पाच वर्षं माझ्या बी-बियाणांच्या दुकानात ठरतं. रजेचा अर्ज असो की लग्नाचा बायोडाटा, लोक म्हणतात, "अप्पाला दाखवा!" मी चष्मा लावतो, "बारकाईनं बघावं लागंल" म्हणतो आणि माणूस चहाला गेला की गुपचूप फोटो काढून शिरूर कासारला मेव्हण्याला पाठवतो. (मेव्हणे इंग्रजीचे निवृत्त मास्तर. ही भानगड बायकोलाही ठाऊक नव्हती!)

परवा आमच्या लेकीला, गौरीला, पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली. पाचच्या आत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला! चार वाजता तिनं दुकानात बसून मोबाईलवर तीन ओळी लिहिल्या.

"पाठवू का, अप्पा?"

"तपासल्याबिगर? आण इकडं!"

"बरोबर हाय वो ते."

"तुला काय कळतंय!" मी तिच्या मोबाईलचा फोटो काढून मागच्या खोलीतून मास्तरांना धाडला. उत्तर आलं, "दाजी, बारकाईनं बघावं लागंल. थांबा."

थांबलो. साडेचार झाले. बायको आली ती कावूनच.

"कशाला अडवलंय लेकराला? तीन वळी हायत का रामायण?"

"इंग्रजी हाय ते! घाई चालत न्हाई."

तेवढ्यात गौरीचा मोबाईल वाजला. तिनं बघितलं आणि खताच्या पोत्यावर बसून पोट धरून हसायला लागली. (नोकरीच्या धास्तीनं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं मला वाटलं!) दोन मिनिटांनी मास्तरांचा निरोप आला, "एकदम बरोबर. काना-मात्रा बदलू नका."

मी घसा खाकरला. "पाठव. तपासलंय आमी."

"पाठवलं, अप्पा. मामानं मलाच धाडलं होतं तपासायला. म्हणला, दाजीला सांगू नको, त्यांचा माझ्यावर लई भरवसा हाय."

"मामा तुला कवापासून पाठवतो?"

"पाच वर्षं झाली की! तुमच्या गिऱ्हाइकांचं समदं मीच बघते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको तर तोंडाला पदर लावून हसत होती. लेकीचा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू? पण तो दाखवायची सोय राहिली नव्हती!

इतक्यात शेजारचा टेलर अर्ज घेऊन आला. मी सवयीनं चष्मा लावला. "ठिवून जा. बारकाईनं बघावं लागंल."

टेलर गेला. गौरीनं हात पुढं केला, "द्या, इथंच बघते."

"अगं, आधी शिरूरला जाऊन येऊ दे," मी हळूच म्हणालो, "मास्तरांना वाईट वाटंल!"