वडिलांच्या घड्याळावरून

घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांच्या त्या बोळात त्याला सगळे भिंगवाला म्हणत. दुसऱ्या नावानं हाक मारली असती तर त्यानं ओ दिली नसती. लहानपणापासून तो थोरल्या भावाचा मार खात आला होता. दादाने एकदा त्याचा दात पाडला होता, एकदा पायावर उकळतं पाणी ओतलं होतं. वडील गेल्यावर दुकान दोघांचं झालं. दादा पुढे गिऱ्हाईक बघायचा, हा मागच्या टेबलावर काम करायचा. दादाचा हात घरी बायकोवरही चालायचा. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून गप्प होते, भिंगवालासुद्धा.

वडिलांचं एक जुनं जपानी घड्याळ होतं. पातळ, रुपेरी तबकडीचं, सुरीच्या पात्यासारख्या काट्यांचं, आणि कडा अशा सपाट घासलेल्या की त्यांत चेहरा न वाकता दिसे. त्याच घाटाचं नवं घड्याळ करायचं भिंगवाल्यानं मनावर घेतलं. सूटच्या बाहीखाली सहज सरकेल, पण आजच्या मनगटाला शोभेल असं. दोन वर्षं तो त्यामागे होता. शेवटची मापं ताडून बघायला एका दुपारी त्यानं वडिलांचं घड्याळ उघडलं, आणि नेमका दादा आत आला.

ह्यानं ते मोडलं, असं दादाला वाटलं. खरं तर एका स्क्रूवरही ओरखडा नव्हता. पण सकाळीच एका गिऱ्हाईकानं नवं घड्याळ बघून थट्टेत म्हटलं होतं की कला सगळी धाकट्याच्या हातात, तू आपला नुसता दाखवणारा. ते दादाच्या डोक्यात खदखदत होतं.

त्यानं काही विचारलं नाही, सरळ ठोसा मारला. तो भिंगवाल्याच्या उजव्या डोळ्यावर लावलेल्या भिंगावर बसला. काच फुटून डोळ्यात घुसली. तो खुर्चीसकट कोसळला. दादाने त्याचं डोकं टेबलाच्या पायावर दोनदा आपटलं, मग हातोडी घेऊन नवं घड्याळ ठेचून काढलं.

वहिनी जेवणाचा डबा घेऊन दारात आली होती. तिनं डबा खाली ठेवला, शटर ओढायचा लोखंडी आकडा उचलला आणि नवऱ्याच्या मनगटावर घातला. हाड मोडलं. दादाने दुसऱ्या हातानं तिचे केस धरून कपाळ भिंतीवर आदळलं. तेव्हा भिंगवाला उठला. रक्तानं निम्मा चेहरा माखलेला. त्यानं मागून दादाचा गळा धरला. बारीक कामानं आपल्या बोटांत किती जोर साठलाय, हे त्यालाही तेव्हाच कळलं. दादा पाय झाडू लागला, काळानिळा पडला, तरी भिंगवाला दाबतच राहिला.

"सोडा, भाऊजी," वहिनी भिंतीला टेकून म्हणाली. "ह्याच्यापायी तुम्ही तुरुंगात नका जाऊ."

त्यानं सोडलं.

डोळा गेला. आत्या दवाखान्यात येऊन म्हणाली, घरातलं घरात राहू दे, पडलो म्हणून सांग. त्यानं पोलिसांना घडलं तसं सांगितलं, आपण गळा दाबला तेही. दाबताना बरं वाटलं होतं, हे मात्र फक्त वहिनीला. आकडा घालताना आपल्यालाही वाटलं, म्हणाली ती.

दादा चार वर्षांसाठी आत गेला. वहिनी माहेरी न जाता दुकानात येऊ लागली. एका डोळ्यानं भिंगवाल्याला अंतर कळेना, चिमटा हवेतच मिटायचा. म्हणून काटे बसवायला ती शिकली. सुरुवातीला कितीतरी काटे वाकवले. एकदा त्याचा आवाज चढला, तशी ती जागच्या जागी आकसली. त्यानंतर त्यानं कधी आवाज चढवला नाही. ठेचलेलं घड्याळ त्यांनी पहिल्यापासून पुन्हा करायला घेतलं होतं; तिसऱ्या वर्षी ते पुरं झालं, आणि तसलीच आणखी मागणारी माणसं येऊ लागली.

दादा सुटला तो थेट दुकानात आला. बायकोला म्हणाला, घरी चल. भिंगवाला उठून मध्ये उभा राहिला, पण बोलली वहिनीच.

"मी येणार नाही. हे माझं काम आहे."

दादाने लाथेनं काउंटरची काच फोडली. शेजारच्या चष्मेवाल्यानं पोलिसांना फोन केला, तसा तो निघून गेला. दोघांनी काचा गोळा केल्या. वहिनीचा तळवा कापला होता. भिंगवाल्यानं तो धरून पट्टी बांधली, आणि त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं.