सोफा उचलणाऱ्याची धून

टॅक्सी दारात उभी होती, आई दह्याची वाटी घेऊन उभी होती आणि मी अण्णांशी भांडत होतो. मला त्यांचं व्हायोलिन हवं होतं. अण्णा कोल्हापुरात नाटकांना, भजनांना साथ करायचे. ते बाहेर गेले की मी लपून वाजवायचो, हे त्यांना ठाऊक होतं. तरी म्हणाले, "तुझ्या हातात सूर नाही, सौदा आहे. व्हायोलिन दादाकडे राहील." दादा, तू तिथेच उंबऱ्यावर होतास. जन्मात कधी गज हातात न धरलेला तू, एक शब्द बोलला नाहीस. मी दही न खाताच टॅक्सीत बसलो. ते मी विसरलेलो नाही.

सौदा म्हणाले ना, मग सौदाच केला. इंग्लंडात बेसिंगस्टोकला आलो तेव्हा गोदामात खोकी उचलायचो. आज घरं हलवण्याचा माझा स्वतःचा धंदा आहे, तीन व्हॅन आहेत. घर सोडून आलेला माणूस दुसऱ्यांची घरं हलवतो, याचं तिकडच्यांना हसू आलं तर येऊ दे. इकडे आलेल्यांना येणार नाही.

इथे ग्रॅहॅम नावाचा एक निवृत्त मास्तर फिडल वाजवतो. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. तो आणि त्याची मंडळी अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरातलं जुनं संगीत वाजवतात. त्यातली एक धून खास नाताळाची. त्या डोंगरात म्हणे नाताळपासून सहा जानेवारीपर्यंत रोज नव्या घरी नाच असायचा. खाटा-कपाटं अंगणात काढायची, रिकाम्या खोलीत नाचायचं आणि या धुनेवर सणाला निरोप द्यायचा. या मंडळींनी तीच रीत इथे पाडली. सहा वर्षं त्यांचं सामान मी हलवलं, हौसेनं. नाचाआधी सोफे व्हॅनमध्ये, नाच संपला की परत लाउंजमध्ये, म्हणजे दिवाणखान्यात. सगळ्यांची घरं झाली, माझं कधी आलं नाही. मी आपला दाराशी, हातात चहाचा मग.

यंदा ग्रॅहॅम घरांची यादी घेऊन आला. मी वाचली आणि परत दिली. "एक दिवस माझ्या घरी. नाहीतर व्हॅन नाही."

"तसं काही नाही रे, मेट. घर वाजवणाऱ्याचं असतं, इतकंच. तू कुठे वाजवतोस?"

पंचवीस वर्षांनी, इंग्रजीत, अण्णाच बोलले. माझं डोकं फिरलं.

"वाजवतो."

"काय?"

"तू वाजवतोस तेच!"

खोटं नव्हतं. एका गिऱ्हाइकानं टाकून दिलेलं फिडल मी दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत व्हॅनमध्ये बसून घासत होतो. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

सहा जानेवारीच्या दुपारी सगळे माझ्या रांगेतल्या, भिंतीला भिंत लागलेल्या टेरेस्ड घरात आले. रिकाम्या लाउंजमध्ये मी कार्पेटवर मांडी घातली, फिडलचं टोक उजव्या पावलावर टेकवलं. कुणीतरी फिसकन हसलं, "पायानं वाजवणार की काय!" मी तारा छेडल्या. सा-प-सा-प. अण्णा लावायचे तशा. ग्रॅहॅम बघतच राहिला. या धुनेसाठी त्याची मंडळीही खालच्या दोन तारा चढवून अगदी असंच लावतात. तो ते खपून शिकला होता. मला दुसरं लावणं येतच नव्हतं.

वाजवलं. सफाई नव्हती, दोनदा घसरलो. पण नाचणाऱ्यांचे पाय थांबले नाहीत.

नंतर माझे कामगार सोफा उचलायला पुढे झाले. मी अडवलं. "ग्रॅहॅम, आज तू उचल." त्यानं धापा टाकत उचलला आणि भिंतीपासून हातभर लांब, तिरका ठेवला. कामावर असता तर त्याच दिवशी काढला असता त्याला. पण सोफा तसाच आहे. इतकी वर्षं मी लोकांची घरं लावली, माझं पहिल्यांदा दुसऱ्या कुणी लावलं. तेव्हापासून मी याला घर म्हणतो. कोल्हापूरला म्हणतो, अण्णांचं.

सोफ्यामागे आता एक कोपरा रिकामा आहे. दादा, अण्णा गेले. व्हायोलिन तुझ्या कपाटावर पडलंय, वहिनी सांगत होत्या, दोन तारा तुटल्यात. तू वाजवत असशील तर ठेव, मी तोंड उघडणार नाही. नसशील, तर सामान हलवणं हा माझा धंदा आहे. पुढच्या महिन्यात येतोय. आईला सांग, मी निघताना दह्याची वाटी घेऊन उभी राहा. हातात व्हायोलिन असेल तरच खाईन.