बू सुमिनाहची न्याहारी

पेकालोंगान शहरातल्या त्या गल्लीत सुमिनाहचा आवाज आधी यायचा आणि मागून ती. जन्मभर तिनं कापडावर वितळलेल्या मेणानं बातिकची वेलबुट्टी काढली. खोकला लागला तेव्हा सगळे म्हणाले, मेणाचा धूर आहे, जाईल आपोआप. गेला नाही. रक्त पडायला लागल्यावर ती छातीच्या दवाखान्यात पोचली. क्षय होता. गोळ्यांनी वाचली, पण एक फुप्फुस अधू राहिलं. हसली की छातीत बारीक शिट्टी वाजायची. तेव्हापासून ती त्याच दवाखान्याची बिनपगारी माणूस झाली. कुणी बरेच दिवस खोकताना दिसलं की थुंकीची डबी घेऊन त्याच्या दारात हजर. गल्ली तिला बू, म्हणजे आई म्हणायची, आणि ती येताना दिसली की खोकला गिळायची.

कोपऱ्यावर तुगियोनो गाडीवर मेगोनो विकायचा. कोवळा फणस बारीक चिरून, खोबऱ्यात वाफवून, गरम भातावर. त्याला खोकला लागला तसं तिनं त्याला गाठलं. तपासणीत क्षय निघाला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सहा महिने औषध, आणि पहिले काही आठवडे घरात राहायचं. गाडी बायकोनं, दार्सीनं, सांभाळायची ठरली.

बू रोज सकाळी जाऊन, त्यानं गोळी गिळेपर्यंत समोर उभी राहायची.

"तोंड उघड. जीभ वर कर."

"मी काय तान्हं बाळ आहे का, बू?"

"तान्हं बाळ परवडलं. ते वाद घालत नाही."

लघवी लाल झाली तेव्हा तो आता मरतोच म्हणून रडकुंडीला आला. बूनं त्याला समजावलं की ते औषधच तसं असतं. तिचीही झाली होती आणि तिनंही त्या दिवशी नवऱ्याजवळ निरवानिरव करून टाकली होती.

पण गल्लीत कुजबुज पसरायची ती पसरलीच. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर तुगियोनो गाडीवर उभा राहिला, तर समोर बाक रिकामं. भात तसाच घरी परत जाऊ लागला. एका सकाळी त्यानं गोळ्यांकडे पाठ फिरवली.

"रोग घालवून करू काय, बू? पोट तर आधीच गेलं."

बू कधी नव्हे ती गप्प बसली. त्यानं गोळी घेतली, ती निव्वळ तिच्या गप्प बसण्याला घाबरून.

दुसऱ्या दिवशी बायका बातिकच्या कारखान्याकडे निघायच्या वेळेला बू त्या बाकावर जाऊन बसली आणि मोठ्यानं भात मागितला. खरं तर फणसाचा वास तिला लहानपणापासून सोसत नसे. तरी तिनं पान चाटूनपुसून संपवलं. जाणारी-येणारी थांबली की तिला स्वतःच्या आजाराची कथा सांगायची, आणि औषध लागू पडल्यावर हा माणसापासून माणसाला होत नाही, हे डॉक्टरीणबाईंच्या शब्दांत बजावायची. ऐकून घेत सगळ्या. बसली एकही नाही. बू पुढच्या दिवशी आली, त्याच्याही पुढच्या.

शेवटी कास्मिराह थांबली. मेणाच्या कढईशी दोघींनी मांडीला मांडी लावून आयुष्य काढलं होतं. सुमिनाह आजारी पडली तेव्हा हीच कास्मिराह तिथून उठून दुसऱ्या कढईपाशी गेली होती. ती बाकापाशी आली आणि म्हणाली,

"सरक तिकडे."

बू सरकली. दोघींनी एकत्र खाल्लं. ती आठवण निघाली नाही, काढायची गरजही पडली नाही.

त्यानंतर एकेक करून माणसं आली. सगळी नाही, काही घरं आजही वळसा घालून पलीकडच्या गाडीवर जातात, आणि दार्सी त्यांची नावं घेऊन अजून बोटं मोडते.

औषध संपलं, थुंकी साफ निघाली. दवाखान्याच्या पायरीवर तुगियोनो बूच्या समोर आला. त्यानं वाकून बूचा हात कपाळाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

"पुरे," ती म्हणाली. "घरी जा. दार्सीला आधी सांग."

तो गेला. बू मात्र पायरीवरच बराच वेळ डोळे पुसत बसली होती.