निळ्या दिव्याखालची हळद

थेरगावला पुतण्याची हळद खेळून मी तशीच ड्युटीवर गेले आणि चाचणीच्या खोलीत हातमोजे काढून बसले. तेव्हा पन्नाशीची कोवळी पोर होते मी. अक्कल यायची होती.

चाकणच्या त्या कंपनीत डोळ्यात बसवायच्या कृत्रिम चकत्या बनायच्या. बुबुळावर पारदर्शक पडदा असतो ना, कॉर्निया, त्यात ही चकती ठेवायची. चष्म्याचा नंबर घालवायला लेसर मारायचा तो चकतीवर, माणसाच्या डोळ्यावर नाही. अजून कुणाच्या डोळ्यात गेली नव्हती. आम्ही नुसत्या चाचण्या करायचो. चकती रंगात बुडवायची, धुवायची, निळ्या दिव्याखाली बघायची. चरा असला की त्यात अडकलेला रंग हिरवट चमकतो.

मोज्यात बोटांना काही कळत नाही, असं माझं मत. जन्मभर तांदूळ निवडले, म्हणजे मी शास्त्रज्ञच की! त्या दिवशी एकूणएक चकती चमकली आणि मी फुलून गेले. चकत्या गुळगुळीत करायचं काम लातूरकडच्या एका पोरीचं. कंत्राटावर होती, पुढच्या महिन्यात पर्मनंट व्हायची.

"काय गं, चकत्या घासतीस का भांडी?" मी सगळ्यांसमोर विचारलं. बाकीच्या हसल्या, तसा मला चेव चढला. "लोकांचे डोळे फोडशील, बाई!"

"मावशी, मी नीट केल्यात. परत बघा की."

"मला शिकवतीस व्हय?"

साहेबांनी तिचा गेटपास काढून घेतला. ती रडली नाही, याचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याच चकत्या स्वतः धुऊन पाहिल्या. एकीवरही चरा नाही. मग माझा हात दिव्याखाली धरला. नखांच्या कडा, बोटांच्या रेघा, सगळं हळदीनं तसंच हिरवट लखलखत होतं.

"काकू, लग्न पुतण्याचं होतं का तुमचं?"

सगळे पोट धरून हसले. मी चाकण गावचीच, घरच्या खोल्या कामगारांना भाड्याने दिलेल्या, मला कोण काढतंय? "जा, तिला बोलावून आणा," एवढ्यावर भागलं.

आळंदीला तिच्या खोलीच्या दारात मी उभी राहिले, हातात लग्नातल्या बुंदीच्या लाडवांची पिशवी. हळदीचं सांगितलं, वर थोडी हसलेसुद्धा. तिने पिशवीला हात लावला नाही.

"लाडू घेऊन जावा, मावशी. तुमचं खोल्यांच्या भाड्यावर भागतंय, तुम्ही घरी बसा. मग मी येते बघा."